कल्हईचं काय?



गेल्या अंकातील ‘पुन्हा पितळेकडे’ हा लेख वाचला. नॉनस्टिक मोडीत काढा आणि माळ्यावरची पितळी पातेली खाली उतरवा, असा लेखिकेचा आग्रह. ठीक आहे, पण अख्ख्या लेखात कल्हईचा उल्लेखही नाही! हे वाचून कुणी बिनकल्हईच्या पातेल्यात चिंचगुळाची आमटी किंवा ताकाची कढी केली, तर ती कळकणारच. मग मळमळ, उलट्या ओघानं आल्या.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि ती वितळताच कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे फिरवायची. पांढरा धूर निवळला की आतून भांडं लखलखतं. मात्र कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं. त्यामुळे रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवून फोनवर गप्पा मारत बसायची सोय नाही. फोडणीसुद्धा मंद आचेवर. तारेच्या घासणीनं हा थर खरवडून निघतो. काथ्या वापरावा, ढवळायला लाकडी डाव घ्यावा. आतून पिवळं दिसू लागलं की त्यात रांधणं बंद.

आणि कल्हईवाला? तो हल्ली दारावर येत नाही. जुन्या बाजारात शोधावा लागतो, आणि कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, हेही विचारावं लागतं. लेखिकेनं यावर चार ओळी खर्चायला हव्या होत्या. ज्यांना एवढी उठाठेव जमणार नाही, त्यांनी जाड बुडाचं स्टील खुशाल वापरावं.

एक वाचक, सांगली