गाडी लागते का?

भूलपूर्व तपासणीच्या अर्जात दमा, मधुमेह, ॲलर्जी, आधीची शस्त्रक्रिया असे रकाने असतात. ‘गाडी लागते का?’ हा रकाना फारसा दिसत नाही. जबड्याच्या शस्त्रक्रियेला आलेल्या मुलीला ‘मळमळीची प्रवृत्ती आहे का’ असे विचारले, तर ती गोंधळून नाही म्हणते. आंबा घाटात एसटीची खिडकी धरून बसावे लागते का, असे विचारून पाहा. तिच्याआधी तिची आईच उत्तर देईल.

भुलीनंतरच्या उलटीचा धोका ठरवणाऱ्या अॅप्फेल यांच्या 1999च्या गुणांकनात चार गोष्टी मोजतात : रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान नसणे, पूर्वी भुलीनंतर उलटी झालेली असणे किंवा गाडी लागणे, आणि शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड लागणे. एकही नसेल तर उलटीची शक्यता सुमारे 10 टक्के. पुढे ती 20, 40, 60 आणि चारही असतील तर 80 टक्क्यांपर्यंत जाते. जबडा सरळ करून घ्यायला येणारी विशीतली, सिगारेट न ओढणारी मुलगी ओपिऑइड मिळताच तीनवर पोहोचते. अशा मुलीच्या बाबतीत ‘उलटी झाली तर इंजेक्शन देऊ’ ही भूमिका मला मान्य नाही.

कारण तिचे दात रबरांनी किंवा तारेने बांधलेले असतात, नाक सुजून चोंदलेले असते, ओठ बधिर असतात. उमाळ्यासरशी शिरांतला दाब वाढतो, टाक्यांतून रक्त झिरपते, ते पोटात जाते आणि पुन्हा उलटी आणते. भीती तर वेगळीच. जबडा उघडत नसताना घशाशी आलेले बाहेर कसे टाकायचे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

डेक्सामेथासोन आपण सुजेसाठी देतोच. ते भूल चढल्याबरोबर द्यावे. उलटीवर त्याचा उपयोग तेव्हाच अधिक. (जाग्या रुग्णाला भरकन दिले तर गुह्यभागी जळजळते, हेही लक्षात असू द्या.) ऑनडान्सेट्रॉन 4 मिलिग्रॅम शस्त्रक्रिया संपताना. 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ही दोन औषधे आणि ड्रोपेरिडॉल यांपैकी प्रत्येकाने धोका साधारण पावपट कमी केला. वायुरूप भुलीऐवजी प्रोपोफॉल वापरल्याने सुमारे एकपंचमांश. 2020च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार एक-दोन धोके असले तरी दोन उपाय, त्याहून जास्त असतील तर तीन-चार. तरीही उलटी झाली आणि ऑनडान्सेट्रॉन देऊन सहा तास झाले नसतील, तर तेच पुन्हा देऊ नये. दुसऱ्या गटातले औषध निवडावे.

हे सगळे भूलतज्ज्ञावर ढकलता येणार नाही. शल्यविशारदाने बुपिव्हाकेनचा नर्व्ह ब्लॉक नीट दिला तर ओपिऑइडची गरज घटते. घशातल्या पॅकवरचा आपला विश्वासही तपासायला हवा. पॅकने उलट्या कमी होतात याला भक्कम पुरावा नाही, विसरून राहिला तर श्वासमार्ग बंद होतो. घालायचाच असेल तर त्याची नोंद फळ्यावर हवी, आणि नळी काढण्याआधी घसा डोळ्यांनी पाहून सक्शन करायला हवे.

आणि तारा बांधल्या असतील तर तार कापायची कात्री ऑपरेशन थिएटरच्या कपाटात नको, खाटेच्या उशाशी हवी. रात्री घरी निघण्यापूर्वी वॉर्डात जा, उशाकडची बाजू उंच आहे ना ते पाहा आणि रात्रपाळीच्या सिस्टरला नेमक्या कोणत्या तारा कापायच्या ते बोट ठेवून दाखवा.