बाजारात तुरी

चित्रपटवेड्यांच्या उतावळेपणाला हसायची आपल्याकडे रीतच आहे. मी मात्र त्यांचं वकीलपत्र घेतो.

आता बघा, 'अवतार' चित्रपट आला २००९ साली. २०११ च्या सप्टेंबरात डिस्ने कंपनीने दवंडी पिटली, की फ्लॉरिडातल्या आपल्या 'ॲनिमल किंगडम' उद्यानात त्या चित्रपटातलं पँडोरा उभारणार. काम २०१३ मध्ये सुरू. २०१३ सरलं, तरी कुदळ पडेना. झालं! कोणी म्हणे, बेत बारगळला. कोणी म्हणे, दुसऱ्या भागासाठी थांबलेत.

शहाणे म्हणाले, 'रिकामटेकडे लेकाचे!' अहो, साखरपुडा उरकून तिथीचं नाव काढलं नाही, तर आळी बोलणारच. शिवाय पूर्वानुभव होता. १९९८ साली हे उद्यान उघडलं, तेव्हा त्याच्या बोधचिन्हात ड्रॅगन होता. पण अशा काल्पनिक प्राण्यांसाठी योजलेला विभाग कधी झालाच नाही.

अखेर जानेवारी २०१४ मध्ये काम सुरू झालं आणि २७ मे २०१७ ला दारं उघडली. तासन्तास रांगा लागल्या. दुसरा चित्रपट आला थेट २०२२ मध्ये! म्हणजे तर्कबाज सपशेल खोटे ठरले. पण म्हणून कंपनी खरी? तिला पावणेसहा वर्षं फुकट चर्चा मिळाली, आणि बदनाम झाले चाहते!

बाजारात तुरी असताना भट भटणीला मारतो, ही चूक भटाचीच. पण तुरी येणार म्हणून आधी ओरडलं कोण, हेही विचारा की!