हेतू विचारा, पण तिथेच थांबू नका



कोणी धर्मपंडित मोबाईलच्या पडद्यावर येऊन बोलू लागला की आपल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचा हेतू काय? आणि उत्तर 'धर्मप्रसार' असे निघाले की विषय संपतो. व्हिडिओ बंद, चर्चा बंद. हा प्रश्न चुकीचा नाही. पण तिथेच थांबणे चुकीचे आहे, आणि आपल्या चळवळीसाठी ते धोक्याचेही आहे.

एक उदाहरण घेऊन बोलू. रॉबर्ट बॅरन हे अमेरिकेतले कॅथलिक बिशप. मूळचे अभ्यासक. १९९२ मध्ये पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठातून डॉक्टरेट, नंतर शिकागोजवळच्या मंडेलाइन सेमिनरीत धर्मशास्त्राचे अध्यापन. 'वर्ड ऑन फायर' ही संस्था त्यांनी उभी केली आणि ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस असे जुने विचारवंत यूट्यूबवर आणले. सिनेमापासून नास्तिकांच्या आक्षेपांपर्यंत सगळ्यांवर ते बोलतात.

हा खटाटोप कशासाठी? ते लपवत नाहीत. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत २००७ साली अमेरिकेतले १६ टक्के प्रौढ स्वतःला कोणत्याच धर्माचे मानत नव्हते. २०२१ मध्ये ते प्रमाण २९ टक्के झाले. बॅरन यांचे निदान असे की चर्चने तरुणांना बाळबोध, पाणी घातलेला धर्म शिकवला. पोरांनी अवघड प्रश्न विचारले तेव्हा उत्तर द्यायला कोणी नव्हते, म्हणून ती बाहेर पडली. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे परंपरेतले कठीण विचार पातळ न करता लोकांपुढे ठेवणे. म्हणजे हेतू सरळ आहे : गेलेली माणसे परत आणायची. तो उघड सांगितलेला आहे. उघड हेतूशी वाद घालता येतो, छुप्या हेतूशी नाही. एवढा प्रामाणिकपणा आपण मान्य केला पाहिजे.

पण प्रामाणिक हेतू म्हणजे पुरी मांडणी नव्हे. अंगुत्तर निकायातल्या उदायी सुत्तात भगवान बुद्धांनी धम्म सांगणाऱ्यासाठी पाच अटी घातल्या आहेत. क्रमाक्रमाने सांगावे, कारण देऊन सांगावे, करुणेपोटी सांगावे, लाभाच्या आशेने सांगू नये, आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा होईल असे सांगू नये. बघा, हेतू यात आहे, पण रीत आणि परिणामही आहेत. ही कसोटी फक्त भिक्खूंसाठी कशाला ठेवायची? कोणत्याही उपदेशकाला ती लावून बघा.

बॅरन कारणे देतात, युक्तिवाद करतात. इथपर्यंत ठीक. पण पुढचे दोन प्रश्न उरतात. पहिला : बोलणारा सत्तेच्या किती जवळ उभा आहे? २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी बॅरन यांना धार्मिक स्वातंत्र्य आयोगावर सदस्य म्हणून नेमले. म्हणून त्यांचा अक्वायनस खोटा ठरत नाही. पण ऐकणाऱ्याने ते ध्यानात ठेवलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : 'परंपरा' म्हणताना काय दाखवले जाते आणि काय मागे राहते? बॅरन यांचा भर सौंदर्यावर असतो. उत्तुंग कथीड्रल, चित्रे, संतांची चरित्रे. पण परंपरा तेवढीच नाही. १४५२ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगर-ख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे गुलाम करण्याची परवानगी दिली, तीही परंपराच. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी मदुराईकडच्या ब्राह्मण धर्मांतरितांना जानवे आणि शेंडी ठेवायची मुभा दिली, तीही परंपराच. तिची फळे दलित ख्रिस्ती बांधव आजही भोगत आहेत. चर्चच्या आत जात आहे आणि चर्चच्या बाहेर १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा नाही.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या आतूनही विचारला गेला आहे. अमेरिकेत जेम्स कोन या कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञाने क्रुसावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिणाऱ्या गोऱ्या पंडितांना जाब विचारला की झाडांना लटकवून मारलेली काळी माणसे तुम्हाला का दिसली नाहीत? आपल्याकडे अरविंद निर्मळ यांनी दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची मांडणी केली. आणि बाबासाहेबांनी तर अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरिताच्या स्थितीवर स्वतंत्र निबंध लिहिले. मिशनऱ्यांची सेवा त्यांनी नाकारली नाही, पण जात का गेली नाही हे विचारायलाही ते कचरले नाहीत. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा आहे एवढे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. असा अभ्यास आपल्याकडून होतो का?

आता धोक्याबद्दल. 'हेतू धर्मांतराचा, म्हणून बोलणेच संशयास्पद' हे हत्यार आज कोणाच्या हातात आहे? ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत धम्मदीक्षेच्या कार्यक्रमात २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. तिथे हजर असलेले मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना काही दिवसांत राजीनामा द्यावा लागला. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले की हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जायचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्या. म्हणजे माणसाने आपल्या बुद्धीने काय ठरवले याची तपासणी कलेक्टर कचेरीत होणार! पाद्र्याचा व्हिडिओ 'धर्मप्रसार' म्हणून उडवून लावायचा आणि आपल्या प्रतिज्ञांवर तोच शिक्का बसला की संविधानाचे कलम २५ आठवायचे, हे चालणार नाही. त्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. हेतू तपासण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा आहे, सरकारचा नाही.

शेवटी स्वतःकडे बघू. 'बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य' या १९५० च्या लेखात बाबासाहेबांनी दुखणे नेमके सांगितले : बौद्ध वाङ्मय अफाट आहे आणि बायबलसारखा एक हाती धरता येईल असा ग्रंथ नाही. ती उणीव त्यांनी स्वतः 'द बुद्धा अँड हिज धम्मा' लिहून भरून काढली. तो ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. भिक्खूने समाजसेवक व्हावे आणि याबाबत ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून शिकावे, हेही त्यांना सांगावेसे वाटले.

आणि आपण काय करतो? निळ्या पार्श्वभूमीवर दोन ओळी, खाली बाबासाहेबांचे नाव, मूळ खंड उघडलेला नाही, आणि केले फॉरवर्ड. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांची छपाई इतकी रखडली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. 'जातिनिर्मूलना'ची टिपांसह सजवलेली इंटरनेट आवृत्ती कोलंबिया विद्यापीठातल्या फ्रान्सिस प्रिचेट यांनी तयार केली. त्यांचे आभारच. पण मराठीत, आपल्या पोरांना समजेल अशी, क्रमाने आणि कारणे देत मांडणी कोण करणार? बॅरन यांनी चर्चबद्दल केलेले निदान आपल्यालाही लागू पडते. अवघड प्रश्न घेऊन आलेल्या तरुणाच्या हातात आपण घोषणा दिली, तर तोही एक दिवस निघून जाईल.

म्हणून प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात आठवड्यातून एक तास काढा. एक प्रकरण वाचा, त्यावर भांडा, मग रेकॉर्ड करून टाका. आणि कोणी विचारले की तुमचा हेतू काय, तर खाली मान घालू नका. सांगा, आमचा हेतू माणूस मुक्त करण्याचा आहे. घ्या तपासून.

जय भीम! नमो बुद्धाय!