गिटार घ्यायची, तीही विजेची?

मैत्रिणींनो, अकोल्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. मुलगी नववीत आहे, तिला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. यंदा भिशी लागली, म्हणून वीसेक हजार हाताशी आहेत. पण सासूबाईंचं म्हणणं, "पोरीच्या जातीले हे खूळ कायले पायजे? आन् घरात कालवा किती होईन!" तेव्हा सध्या एखादी स्वस्त, साधी गिटार आणून वेळ मारून न्यावी का, असं त्या विचारतात.

मी म्हणेन, नको. 'आधी हलकी आणू, आवड टिकली तर पुढे बघू' हा आपला हिशोब भांड्याकुंड्यांत चालतो, वाद्यात अंगाशी येतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीला अशीच हलकी गिटार आणून दिली होती. तारा दांड्यापासून इतक्या उंच, की दाबता दाबता बोटांना चिरा पडायच्या. दोन महिन्यांत गिटार माळ्यावर गेली आणि घरात ती पोर 'धरसोडीची' ठरली. पुढे एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसते म्हणाली, तरी तेच ऐकून घ्यावं लागलं. नंतर एका जाणकारानं पाहिलं, तर घोडी थोडी घासून तारा खाली घ्यायचं अर्ध्या तासाचं काम होतं!

आता सासूबाईंचा कालवा. मिरजेचा तंबोरा (तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं) भोपळ्यामुळे घुमतो. साध्या गिटारचंही पोट पोकळ असतं. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बहुतेक वेळा भरीव लाकडाची फळी. तारांखाली पिकअप असतात, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. पोलादी तारेची थरथर तिथे विजेत उतरते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. अँप्लिफायर बंद असेल तर ही गिटार साध्या गिटारपेक्षा हळू वाजते. हेडफोन लावला, तर आजींची दुपारची झोपही मोडणार नाही. शिवाय हिच्या तारा बारीक, त्यामुळे कोवळ्या बोटांना सोप्या. आणि हे खूळ काही कालचं नाही, बरं का. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तल्या 'दम मारो दम'ची गिटार आठवा. ती वाजवली होती गझला गाणाऱ्या भूपिंदर सिंग यांनीच.

पैशांचं म्हणाल, तर सगळे गिटारवरच घालू नका. वीस हजारांतले बारा-तेरा गिटारला, उरलेल्यात लहान अँप्लिफायर, केबल, खांद्याचा पट्टा आणि तारांचा एक जादा संच. दुकानदार आणखी डबे-पेट्या दाखवेल, त्या आत्ता नकोत.

आपल्याकडे अमरावती-अकोल्याच्या वाद्यांच्या दुकानांत पेटी-तबल्यांची निवड जास्त, इलेक्ट्रिक गिटार मोजक्याच. नागपूरला जाणं होत असेल तर बघा. मुंबईला नातेवाईक असतील तर आपल्या मुंबई एक्सप्रेसनं उतरून धोबी तलावापर्यंत चालत जाता येतं; १८६५ पासूनचं फुर्ताडोज तिथेच आहे. कुठूनही घ्या, पण मुलीला सोबत न्या आणि गिटार तिच्या मांडीवर द्या. दांडा मुठीत बसतो का, पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहिल्यावर खांदा भरून येतो का, हे तिलाच कळणार. बहुतेक गिटारची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत साधारण ६५ सेंटिमीटर असते, काहींची ६३. हात लहान असेल तर ही दुसरी बरी.

मग आपण परीक्षा घ्यायची. गाणं येत नसलं तरी कान आहेतच ना! तार मोकळी छेडा, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. पहिला सा, तर दुसरा बरोबर वरचा सा यायला हवा. कमी-जास्त वाटला तर तिथेच दुरुस्त करून मागा. त्याच पडद्यावर तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास असावी. प्रत्येक पडद्यावर एकेक सूर वाजवून घ्या, कुठे झणझण नको. दांड्याच्या कडेवरून तळवा फिरवा. पडद्यांची टोकं टोचली तर ती गिटार परत ठेवा. सूर खालीवर झुलवणारा दांडा असलेली गिटार दिसायला ऐटबाज, पण नवशिकीची तार त्यानं सारखी उतरते. एकेरी पिकअपचा आवाज स्वच्छ असतो, पण थोडी घरघर येते. दुहेरीत ती जवळजवळ नाही. आवड तिची, रंगही तिचाच.

घरी आणल्यावर अँप्लिफायर तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या प्लगवरच लावा. तारेला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर लगेच बंद करून आधी वायरमनला बोलवा.

आणि आपला वऱ्हाडी उन्हाळा! मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवू नका. कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको. ओल्या हवेनं तारा गंजतात, आणि दिवसा कोरडं, रात्री ओलं असं होत राहिलं की लाकूड वाकतं. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, पिशवीत घालून ठेवा. वाजवून झालं की जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं तारा पुसायच्या, ते काम मात्र मुलीकडेच राहू द्या.