मुदतीआधी सुटू पाहणाऱ्या ऋणकोची कैफियत

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी हप्त्यावर मोटारी मिळत नव्हत्या. अन्यथा गाडीचे कर्ज मुदतीआधी फेडून पाहावे, अशी तिसरी परीक्षा त्यांनी या म्हणीला खचित जोडली असती. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक लिपिक गृहस्थ निवृत्त झाले. उपदानाची रक्कम हाती येताच डोक्यावरील ऋण उतरवून मोकळे व्हावे, या मध्यमवर्गीय सदिच्छेने ते वित्तकंपनीच्या कार्यालयात गेले. तेथे त्यांच्या हाती जो कागद पडला, त्यावर तीन ओळी होत्या : बाकी मुद्दल, मुदतपूर्व बंदी आकार आणि ‘इतर आकार’. इतर म्हणजे काय, याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. परंतु कंपनीचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्यावाचून गाडीच्या नोंदणीपुस्तकावरील तारणाची नोंद उतरत नाही, आणि ती नोंद असेतो गाडी विकता येत नाही. गृहस्थांनी मुकाट्याने तिन्ही ओळींचे पैसे भरले.

ही हकीगत एकट्या त्यांची नाही. भंडारा, साकोली, तुमसर, पवनी, कोठेही शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीच्या चहाच्या टेबलावर हा विषय काढून पाहावा. निदान एक तरी समदुःखी भेटेल. धानाचे चुकारे हाती आल्यावर ट्रॅक्टरचे कर्ज मिटवू पाहणारा शेतकरी, बदली झाल्यामुळे गाडी विकू पाहणारा शिक्षक आणि आजारपणामुळे हप्ता परवडेनासा झालेला कारकून यांची कारणे भिन्न असली, तरी प्रश्न एकच आहे. करारातून मुदतीआधी बाहेर पडण्याची न्याय्य किंमत किती, आणि ती कोणी ठरवावयाची?

हिशेब काय सांगतो?

धनकोची बाजू आधी ऐकून घेणे न्यायाचे होईल. ठरावीक दराने पाच वर्षांसाठी पैसा देणाऱ्याने तो स्वतः कोठून तरी मुदतीनेच उभा केलेला असतो. ऋणकोने तो मध्येच परत केला, तर नवा ऋणको मिळेपर्यंत तो पडून राहतो, आणि कागदपत्रांचा खर्चही झालेला असतो. हे नुकसान खरे आहे व ते भरून मिळण्याचा त्यास हक्क आहे. वाद आहे तो त्या नुकसानीच्या मापाचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाच लाख रुपयांचे कर्ज सपाट दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. पाच वर्षांचे व्याज अडीच लाख झाले. एकूण साडेसात लाखांचे साठ हप्ते पाडले, म्हणजे दरमहा १२,५०० रुपये. ‘दहा टक्के’ हा शब्द येथे फसवा आहे. मुद्दल दरमहा घटत असताना व्याज मात्र मूळ पाच लाखांवरच आकारले जात असल्यामुळे खरा दर वर्षाला सुमारे सव्वासतरा टक्के पडतो. दोन वर्षांनी, चोवीस हप्ते फेडून, ऋणको कर्ज मिटवू म्हणतो. त्याला वाटते की, तीन पंचमांश मुदत उरली, तेव्हा तीन लाख द्यावयाचे. कंपनीचा माणूस म्हणतो, छत्तीस हप्त्यांचे साडेचार लाख उरले आहेत. दोघेही चुकतात. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा अधिक असल्याने घटत्या शिलकीच्या काटेकोर हिशेबाने बाकी मुद्दल निघते सुमारे ३,४९,२०० रुपये. ऋणकोच्या अपेक्षेपेक्षा हा आकडा जास्त असतो, आणि त्याची अर्धीअधिक चीड या गैरसमजातून जन्मते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

परंतु या आकड्यावर समजा पाच टक्के बंदी आकार बसला, तर सुमारे साडेसतरा हजार रुपये वाढतात. त्यावरील कर वेगळा. या बाकीवर एका महिन्याचे व्याज होते सुमारे पाच हजार रुपये. म्हणजे परत आलेला पैसा साडेतीन महिने तिजोरीत निजून राहील, असे गृहीत धरून हा आकार घेतला गेला. दारोदार कर्ज घ्या म्हणून फिरणाऱ्या धंद्यात पैसा इतका काळ निजतो, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. खरे नुकसान भरून निघाल्यानंतर जे उरते त्याला भरपाई म्हणता येत नाही; तो दंड होय, आणि तोही वेळेआधी पैसे फेडण्याच्या गुन्ह्याबद्दल!

गमावलेला कायदा

या प्रश्नाकडे आपल्या संसदेचे लक्ष कधी गेलेच नाही, असे मात्र नाही. १९७२ साली संसदेने भाडेखरेदी कायदा संमत केला. चौदा दिवसांची लेखी सूचना देऊन उरलेली किंमत एकरकमी भरण्याचा आणि वस्तू आपली करून घेण्याचा हक्क त्याने भाडेखरेदीदारास दिला होता. त्या वेळी किती सूट मिळावी, याचे सूत्रही कायद्यातच लिहिले होते : न उलटलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात आकाराचा जो भाग येईल, त्याच्या दोन तृतीयांश. आपल्या उदाहरणाला हे सूत्र लावून पाहावे. अडीच लाखांचा तीन पंचमांश भाग दीड लाख. त्याचे दोन तृतीयांश एक लाख. साडेचार लाखांतून एक लाख वजा जाता द्यावयाचे उरतात साडेतीन लाख. काटेकोर हिशेबाच्या आकड्याशी हा आकडा हजार रुपयांच्या आत जुळतो! प्रत्येक उदाहरणात तो इतका चपखल बसेल असे नाही. पण कोणत्याही गावातील सातवी शिकलेल्या मनुष्याला कागदावर मांडता येईल, असा हा हिशेब होता.

वस्तू परत करून करार संपविण्याचा हक्कही त्याच कायद्यात होता, आणि निम्म्याहून अधिक किंमत दिली गेली असल्यास करार संपविल्याबद्दलची करारातील रक्कम मागता येणार नाही, असा दंडकही होता. दुर्दैव असे की, हा कायदा कधीही अमलात आला नाही. तेहतीस वर्षे तो कागदावर राहिला आणि २००५ साली संसदेनेच तो रद्द केला. आजची बहुतेक वाहनकर्जे भाडेखरेदीची नसून तारण-कर्जाची असल्यामुळे तो असता तरी जसाच्या तसा लागू पडला नसता, हे खरे. पण त्यातील तत्त्व गमावण्याचे काहीच कारण नव्हते.

मैलांचा जमाखर्च

हे तत्त्व आपण इंग्लंडातून घेतले होते. तेथे शेवटचे काही हप्ते राहिले असता माल उचलून नेण्याचा धंदा बोकाळला, तेव्हा मजूर पक्षाच्या एलेन विल्किन्सन यांनी मांडलेल्या विधेयकातून १९३८ चा भाडेखरेदी कायदा झाला. पुढे १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याने निम्मी किंमत भरून वस्तू परत करण्याचा व मोकळे होण्याचा हक्क कायम ठेवला. वस्तूची वाजवी निगा राखलेली असावी, एवढीच अट. इतका स्पष्ट हक्क असताना तेथील ग्राहक आज कशावर भांडतो? जादा मैलांवर. करारात गाडी वर्षाकाठी किती मैल चालवावयाची, याची मर्यादा असते. ग्राहकाने निम्मी किंमत भरून गाडी परत केली की, मर्यादेबाहेरील मैलांचे बिल हाती ठेवले जाते. ग्राहक म्हणतो की, कायद्याने माझी जबाबदारी निम्म्या किमतीवर थांबविली आहे. कंपनी म्हणते की, मैलांचे कलम निराळे आहे. हक्काने दंडाचे पुढचे दार बंद केले, तर तो निराळे नाव धारण करून मागील दाराने येतो, हा या वादाचा धडा.

भंडाऱ्याच्या वाचकाने हे परक्यांचे भांडण म्हणून सोडून देऊ नये. गाडी विकत न घेता महिनेवारी भाड्याने दीर्घ मुदतीसाठी घेण्याच्या योजना भारतातही आल्या आहेत, आणि किलोमीटरची मर्यादा हे अशा करारांतील नेहमीचे कलम आहे. भंडारा ते नागपूर हे अंतर सुमारे साठ किलोमीटर. वर्षातून दोनशे चाळीस दिवस जाऊन-येऊन करणाऱ्याची गाडी वर्षाला २८,८०० किलोमीटर धावते. मर्यादा पंधरा हजारांची असेल, तर जवळजवळ निम्मा प्रवास जादा ठरेल!

करार मध्येच संपला की गुंता आणखी वाढतो. समजा, तीन वर्षांत पंचेचाळीस हजार किलोमीटरची मुभा आहे आणि गाडी दीड वर्षात तीस हजार चालवून परत केली. एकूण मर्यादा ओलांडलेली नाही. महिन्यांच्या प्रमाणात पाहिले, तर साडेसात हजार किलोमीटर जास्त झाले. कोणते माप खरे? कराराने ते स्पष्ट सांगितलेले नसेल, तर संशयाचा फायदा करार लिहिणाऱ्याला नव्हे, त्यावर सही करणाऱ्याला मिळाला पाहिजे. शिवाय परत आलेली गाडी तीन वर्षांची जुनी नसून दीड वर्षाची आहे आणि ठरल्यापेक्षा पंधरा हजार किलोमीटर कमी चाललेली आहे. तिच्या घसाऱ्यापोटी मुदतपूर्व समाप्तीचा आकार घेतला असेल, तर जादा किलोमीटरच्या नावाने तोच घसारा पुन्हा वसूल करणे म्हणजे एकाच धान्याचा दोनदा काटा करणे होय.

कायद्याचा आधार

ऋणको अगदीच निराधार आहे असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की, करारभंगाबद्दल करारात रक्कम नमूद असली तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळेल. १९६३ च्या फतेहचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. करारानेच दिलेली मुभा वापरणे हा भंग नव्हे, असा बचाव कंपन्या करतील; परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत नुकसानीशी सर्वस्वी विसंगत दंड आणि लागू दंड भरूनही मुदतपूर्व परतफेड स्वीकारण्यास नकार, या दोहोंचा समावेश केला आहे.

रिझर्व्ह बँकेनेही पावले टाकली. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र बंधनकारक झाले आणि त्यात न दाखविलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून लावण्यास मनाई झाली. २ जुलै २०२५ च्या निर्देशांनी, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांवर व्यक्तींकडून, बिगर-व्यावसायिक कारणासाठी, मुदतपूर्व परतफेडीचा आकार घेण्यास बंदी झाली. परंतु येथेच मेख आहे. वाहनकर्जे बहुतांशी ठरावीक दराची असतात, आणि त्यांचा आकार धनकोच्या स्वतःच्या धोरणावर सोपविलेला आहे. ज्या कर्जाशी शिक्षक, कारकून व छोटा शेतकरी यांचा अधिक संबंध, तेच सवलतीबाहेर राहिले.

दाद मागण्याची वाटही वाकडी आहे. सेवेतील उणिवेची किंवा अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर त्यास शुल्कही नाही. मात्र करारच अनुचित आहे, असे म्हणावयाचे झाल्यास कायद्याने तो अधिकार राज्य आयोगाकडे दिला आहे. आपल्याला त्यासाठी नागपूरच्या खंडपीठाची पायरी चढावी लागते. जादा किलोमीटरविरुद्ध दाद मागण्यासाठी आणखी किलोमीटर तोडावयाचे!

म्हणून तीन मागण्या कराव्याशा वाटतात. ठरावीक दराच्या वैयक्तिक वाहनकर्जावरील बंदी आकाराला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घालावी; ती बाकीवरील एका महिन्याच्या व्याजाहून अधिक असू नये. कोणत्या महिन्यात कर्ज मिटविल्यास नेमके किती रुपये पडतील, याचा तक्ता विवरणपत्रातच छापावा. भाड्याच्या गाडीच्या करारात किलोमीटरचे माप मुदतपूर्व परतीच्या वेळी कसे लावणार, हेही लिहावे. आणि अनुचित करारांची दाद लहान रकमांपुरती तरी जिल्हा आयोगांकडे सोपवावी.

तोवर प्रत्येकाने आपल्यापुरते एवढे करावे. सही करण्यापूर्वी हप्ता किती, एवढेच न विचारता सुटका कितीला, हेही विचारावे. कर्ज मिटविताना प्रत्येक आकाराचा तपशील व त्याचा करारातील आधार लेखी मागावा. पैसे भरणे भागच असेल, तर हरकत कायम ठेवून भरीत आहोत, असे लेखी कळवून पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि ग्राहक आयोगाची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आमच्या त्या लिपिक गृहस्थांची दोन वर्षे अद्याप भरलेली नाहीत. ‘इतर आकार’ म्हणजे काय, हे विचारणारे पत्र त्यांनी परवाच टपालात टाकले आहे.