वाडीपासून वाढवणपर्यंत

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदरास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघर येथे त्याचे भूमिपूजन झाले. ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पातून लाखो रोजगार निर्माण होतील, असे सांगितले जात आहे. त्यांतील किती आपल्या जिल्ह्यातील तरुणांच्या वाट्याला येतील, याचा विचार करताना वसईचा अनुभव डोळ्यांआड करून चालणार नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्याचे अर्थकारण केळी, पानवेली, भाजीपाला, फुले व दूध यांवर उभे होते. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी हा तर आगाशी परिसराचा मानाचा जिन्नस. १८६७ साली विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी धावू लागली. रेल्वेने वसईच्या मालाला मुंबईची बाजारपेठ मिळवून दिली. पुढे तिनेच माल पिकविणाऱ्यांच्या मुलांना मुंबईच्या कचेऱ्यांत नेले. १९१८ साली मोन्सिनियर मोनीस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली पतसंस्था आज बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. शेतकऱ्याच्या गरजेतून जन्मलेल्या या संस्थेच्या कर्जदारांत आता घर घेणारे नोकरदारही आले, यातच स्थित्यंतराचा इतिहास सामावला आहे.

शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका अशा नोकऱ्यांनी अनेक घरांना स्थैर्य दिले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. मात्र त्याबरोबर वाडीतील काम कमी प्रतीचे, ही समजूतही रुजली. (मुलीला स्थळ पाहताना विहीर किती खोल, हे आता कोण विचारतो?) म्हणूनच १९८८ साली शासनाने शेतजमिनी बांधकामास खुल्या केल्या, तेव्हा विकणारेही आपल्यातच होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिने बरेच वाचविले, सर्व नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती.

बांधकामाने रोजगार दिला, हे खरे. परंतु गवंडी, सुतार, फरशी बसविणारे कारागीर बहुतांशी बाहेरून आले, कारण ती कसबे आपण मुलांना शिकविलीच नव्हती. जमीनमालकाला रक्कम एकदाच मिळाली. पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या कारखान्यांनी हजारोंना काम दिले. पण कंत्राटी कामगाराला त्या वेतनात शेजारच्या इमारतीत घर घेणे कठीणच.

वाढवणच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. क्रेन चालविण्याचे प्रशिक्षण विशीतल्या मुलाला देता येईल. पंचेचाळिशीतल्या तांडेलाला त्याचा उपयोग काय? शिवाय मासेमारी म्हणजे केवळ होडीवरचे पुरुष नव्हेत. किनाऱ्यावर बोंबील वाळविणाऱ्या, टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या स्त्रीचे नाव कोणत्याही पगारपत्रकावर नसते. बाधितांच्या यादीत ते येणार किंवा कसे, हे ग्रामसभांनी लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे.