निवळ पाणी आणि निर्मळ पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी घंगाळात काढलेले पाणी निवळशंख दिसले म्हणजे ते निर्मळ असलेच पाहिजे, या विश्वासावर विसंबण्याचे दिवस आता सरले आहेत; कारण पिकांवर फवारलेली कित्येक कीटकनाशके डोळ्यांना वा जिभेला कसलाही सुगावा न देता विहिरीपर्यंत झिरपतात, आणि तुरटीने गाळाचा बंदोबस्त झाला तरी त्यांचे फारसे काही बिघडत नाही. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी बागांवर वर्षानुवर्षे एंडोसल्फान या कीटकनाशकाची हवाई फवारणी झाली, कित्येक कुटुंबांची वाताहत झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा देशव्यापी मनाईहुकूम निघण्यास २०११ साल उजाडावे लागले.

या दुःखाला उतारा शोधण्याचे काम मात्र तत्पूर्वीच मद्रासच्या आयआयटीत प्राध्यापक टी. प्रदीप आणि त्यांचे सहकारी यांनी हाती घेतले होते, हे आम्हांस विशेष अभिमानाचे वाटते. त्यांचा उपाय होता सोन्याचांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा. एक ग्रॅम सोने दहा नॅनोमीटर व्यासाच्या कणांत विभागले, तर त्याचे एकूण पृष्ठ सुमारे ३० चौरस मीटर भरते. एवढ्या विस्तीर्ण पृष्ठावर पाण्यातील विरळ विषही येऊन चिकटते. अशा सुवर्णकणांचे माणकासारखे लाल द्रावण, ज्याचे रहस्य शास्त्रज्ञ फॅरडेने १८५७ साली प्रथम शास्त्रीय दृष्टीने अभ्यासिले, एंडोसल्फानच्या स्पर्शाने रंग पालटते. चांदीचे कण तर याही पुढे जातात: कार्बन टेट्राक्लोराइड या क्लोरीनयुक्त विषारी रसायनाच्या रेणूचा ते भंग करतात, क्लोरीन स्वतःकडे घेतात, आणि मागे कार्बन उरतो. २००७ साली चांदीच्या कणांचा हा उपाय घरगुती शुद्धियंत्रांतून बाजारात आला.

तथापि पुष्कळशी कीटकनाशके या कणांवर नुसती धरून ठेवली जातात, हे विसरून चालणार नाही. मुदत संपलेली गाळणी उकिरड्यावर फेकली, तर जे पाण्यातून काढले तेच पुन्हा जमिनीत मुरण्याचा धोका उरतोच. म्हणून अशी गाळणी परत घेण्याची सक्ती उत्पादकांवर कायद्याने झाली पाहिजे, आणि शुद्धियंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या गावांच्या पाण्याची तजवीज सरकारने स्वतःच्या खजिन्यातून केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाचकांस विनंती करतो की, आपल्या ग्रामपंचायतीकडे वा नगरपालिकेकडे पाण्यातील कीटकनाशकांच्या तपासणीचा दाखला लेखी अर्जाने मागावा, आणि आलेले उत्तर आमच्याकडे धाडावे. पुढील वर्षीच्या अंकात आम्ही ते अवश्य प्रसिद्ध करू.